निर्मलाताईंचे झिजलेले टायर

सौ. निर्मलाताई सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट कोथरूडमधल्या एका शाळेच्या सभागृहात झाली. आमच्या मॉडेल मंडळाचे ते पहिलेच प्रदर्शन होते. मंडळ म्हणजे तेव्हा मोजकी हौशी माणसे. बहुतेक सगळे संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणारे, कंपनीने परदेशी पाठवले की येताना बॅगेत छोट्या गाड्यांचे आणि विमानांचे प्लॅस्टिकचे संच भरून आणणारे. मीही त्यांतलाच. जर्मनीहून आणलेल्या संचातून मी शर्यतीची एक गाडी जोडली होती आणि रंगाचे हात देऊन देऊन तिला आरशासारखी चकाकी आणली होती. लोक थांबून ‘वा’ म्हणत होते आणि मी ते ऐकत टेबलामागे उभा होतो.

पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी नेसलेल्या एक बाई आल्या. टेबलाच्या कडेला नजर टेकेल इतक्या वाकल्या आणि बराच वेळ गाडीच्या चाकांकडे पाहत राहिल्या.

“तुम्ही केलीत?”

“हो.”

“रंग सुंदर आहे. पण गाडी उभी नाहीये, ठेवलेली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे टायरवर वजनच आलेलं नाही तिचं. चार बांगड्या टेकवाव्यात तसे टेकलेत. आणि शर्यतीच्या टायरला मधोमध शिवण असते का हो?”

टायरच्या पृष्ठभागावर मधोमध साच्याची बारीक रेघ होती. मला ती त्या क्षणापर्यंत दिसली नव्हती. मी जरा तुटकपणे म्हणालो, “काकू, संचात टायर असेच येतात.”

“येतात, आणि तुम्ही तसेच लावलेत. मग हे प्रदर्शन तुमचं आहे की संच बनवणाऱ्याचं?”

एवढे बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मला राग आला होता, हे नमूद करायला हरकत नाही. त्या दिवशी मंडळातल्या प्रत्येकाला थोड्याफार फरकाने असेच ऐकावे लागले, आणि पुढच्या रविवारी आम्ही सर्वानुमते त्यांना मंडळात येण्याची विनंती केली. पुण्यात माणसे जोडण्याची ही पद्धत बाहेरच्यांना समजत नाही, पण ती आहे.

निर्मलाताईंचे माहेर लोणी काळभोरचे. वडील रेल्वेत होते. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन त्यांनी घरासह धम्म स्वीकारला, तेव्हा ताई इतक्या लहान होत्या, की त्यांना त्यातले फक्त नवे पांढरे कपडे आठवतात. मुलगी शिकली पाहिजे याबद्दल वडिलांच्या मनात कधी दुमत नव्हते. रोज लोकलने पुण्याला येऊन ताई रसायनशास्त्रात पदवीधर झाल्या आणि रबराच्या वस्तू करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या. तिथे टायरच्या रबराची चाचणी घेणे हे त्यांचे काम. रबर ताणायचे, घासायचे, तापवायचे, उन्हात ठेवायचे आणि ते केव्हा आणि कुठून हार मानते ते पाहायचे. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी या कामात घातली. मग देशाची दारे उघडली, परदेशी भागीदार आले, नवी यंत्रे आली, आणि प्रयोगशाळेतल्या निम्म्या माणसांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव आला. ताईंनी तो घेतला. “स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी,” एवढेच त्या याबद्दल बोलतात.

मॉडेलकडे त्या वळल्या ते अगदी सहज. त्यांचा भाचा संगणकाच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. येताना त्याने शर्यतीच्या गाडीचा एक संच आणला, सुट्टीत अर्धवट जोडला आणि मावशीच्या वारज्याच्या घरी टाकून परत गेला. कपाट आवरताना ताईंच्या हाती त्यातला टायर लागला. गुळगुळीत, चकचकीत, कोळशासारखा काळा. जन्मभर ज्यांनी टायर पाहिले, त्यांना तो पाहवेना. त्यांनी पॉलिश पेपरचा एक तुकडा पाण्यात बुडवला आणि टायर घासायला बसल्या. मधली शिवण गेली, चकाकी गेली, आणि खाली दिसू लागला तो रंग काळा नव्हता. राखाडी, किंचित तपकिरी छटेचा. ताई सांगतात की त्या दिवशी प्रयोगशाळा सुटल्यानंतर प्रथमच त्यांना जेवणाची आठवण राहिली नाही. लोक गाडी करून तिला चाके लावतात. ताईंनी चार टायर केले आणि मग त्यांना शोभेल अशी गाडी जोडायला घेतली.

त्यांच्या कामाची ओळख मंडळाबाहेरच्या वाचकांना करून द्यायची तर ती साध्या शब्दांत करता येते. शर्यतीची गाडी धावते म्हणजे जमिनीला तिचे चार टायर तेवढे टेकलेले असतात. गाडीवर जे जे घडते, ते टायरवर लिहिले जाते. गाडी कोणत्या बाजूला जास्त वळली, चालकाने ब्रेक कसा दाबला, रस्ता तापला होता की नव्हता, हे सगळे टायर सांगतो. त्यामुळे ताई आधी विचारतात, “ही गाडी कुठल्या क्षणाची आहे? शर्यतीआधीची की नंतरची?” उत्तर मिळाल्याशिवाय त्या कामाला हात लावत नाहीत. शर्यतीआधीची असेल तर टायर स्वच्छ, पण तळाशी जरासा दबलेला आणि बाजूने किंचित फुगलेला. नंतरची असेल तर पृष्ठभाग खरखरीत, कडांना रबराचे बारीक कण चिकटलेले, एका बाजूची कड दुसरीपेक्षा जास्त खाल्लेली. बाजूची भिंत मात्र गुळगुळीतच ठेवायची, कारण ती रस्त्याला लागत नाही. आमच्यापैकी बरेच जण उत्साहाच्या भरात सगळाच टायर घासून टाकतात. तो पाहून ताई विचारतात, “ही गाडी कुशीवर चालते का?”

रसायनशास्त्र त्यांनी आम्हाला असेच, बोलण्याच्या ओघात शिकवले. संचातले मऊ टायर वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या चाकावर बसून राहिले, की त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य झिरपते आणि चाक विरघळते. मंडळातल्या एकाची लाडकी गाडी अशी बसली, तेव्हा तो कारागिरीला दोष देत होता. ताईंनी चाक नखाने दाबून पाहिले आणि सांगितले, “कारागिरी ठीक आहे. दोघांचं पटत नाही, एवढंच. मध्ये रंगाचा पातळ पापुद्रा ठेवा, म्हणजे एका घरात राहतील.” तेव्हापासून आम्ही तसे करतो.

त्यांचा स्वभाव कोरडा आहे असा अनेकांचा समज आहे. त्याबद्दल स्वतःचा एक अनुभव सांगतो. अमेरिकेतल्या मंदीचे लोण इथे पोचले त्या वर्षी माझी नोकरी गेली. घरी पत्नीला माहीत होते, आईवडिलांना माहीत होते, सोसायटीत सगळ्यांना माहीत होते. जो तो भेटायला येई आणि धीर देई. त्या धीराने मी खचत चाललो होतो. एका सकाळी ताईंचा फोन आला.

“पाटणकर, तुम्ही रिकामेच आहात ना?”

असे मला कुणीच विचारले नव्हते. मी “हो” म्हणालो.

“मग दहाला या. टायर ओतायचे साचे धुवायचे आहेत.”

मी वारज्याला गेलो आणि नोकरी मिळेपर्यंत जात राहिलो. ताईंचे यजमान किसनराव पोस्टातून निवृत्त झालेले. ते दार उघडत आणि म्हणत, “आमच्याकडे आलेल्याला आधी पॉलिश पेपर मिळतो, चहा नंतर.” ताई मला काम देत, चुकले की बोलत, दुपारी आमटी-भाकरी वाढत. नोकरीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. नवी नोकरी लागल्याचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “चांगलं झालं. तुमचा हात आताशा कुठे बसत होता.” त्या काळात मला कुणी माणूस म्हणून सर्वांत नीट वागवले असेल, तर ते या घराने.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

मंडळाच्या एका प्रदर्शनात अन्वरभाई शेख आपल्या मुलीचा हात धरून आले. तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. भवानी पेठेत त्यांचे गॅरेज होते. तरुणपणी त्यांनी जुन्या मोटारीचे इंजिन घेऊन, नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडून, एक माणूस बसेल अशी शर्यतीची गाडी बनवली होती आणि ती ट्रकवर घालून मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर नेऊन पळवली होती. एकदा नव्हे, बऱ्याच वर्षी. पुढे नव्या तऱ्हेच्या मोटारी आल्या, त्यांची दुरुस्ती संगणकावर होऊ लागली, गॅरेज मागे पडले. ते बंद करताना जागा मोकळी करायची म्हणून ती गाडीही भंगारात गेली. उरले दोन काळेपांढरे फोटो.

अन्वरभाई प्रत्येक मॉडेलवर इतके वाकून पाहत होते, की नाक लागेल असे वाटे. त्यांना काचबिंदू होता. मुलीने, नसरीनताईंनी, आम्हाला हळूच सांगितले की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत.

अन्वरभाईंनी फोटो ताईंच्या हातात दिले. “ताई, ही माझी गाडी. हिचा संच दुकानात मिळायचा नाही. तुम्ही कराल का?”

ताईंनी विचारले, “कुठल्या क्षणाची?”

ते हसले. “शेवटच्या शर्यतीनंतरची करा. गाडी उभी केली, खाली उतरलो आणि तिच्याकडे पाहत उभा राहिलो. तशी.”

काम वाटून घेतले. मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती करायची ठरली. सांगाडा आणि वरचे कवच मी करायचे, इंजिन दुसऱ्या एका सभासदाने, टायर अर्थातच ताईंनी. नसरीनताई एका बँकेत अधिकारी होत्या. शनिवारी दुपारी सुटल्या की वडिलांना घेऊन वारज्याला येत. अन्वरभाई आठवून आठवून सांगत आणि मी पत्रे कापत असे. माझे काम दिवाळीपर्यंत पुरे झाले. इंजिनही झाले. टायर राहिले.

ताईंचा पहिला जोड पाहून अन्वरभाई म्हणाले होते, “सुंदर आहेत. पण हे नवे दिसतात. माझ्याकडे नवे टायर कधीच नव्हते हो. जुन्यावर रबर चढवलेले, रिमोल्ड घ्यायचो आणि तेही घासून सपाट करायचो.” ताईंनी दुसरा जोड केला. तो आम्हाला निर्दोष वाटला, अन्वरभाईंनाही पसंत होता. पण ताईंना त्याची खांद्याची गोलाई पटेना. त्या काळचे टायर आतून वेगळ्या बांधणीचे, त्यांचे खांदे जास्त गोल. त्या भंगार बाजार धुंडाळू लागल्या. कुठल्या तरी गोदामात त्या मापाचा एक जीर्ण टायर मिळाला, त्याचा तुकडा कापून त्यांनी घरी आणला आणि तिसरा साचा करायला घेतला.

याच सुमारास नसरीनताईंचा फोन आला. वडिलांची नजर झपाट्याने चालली होती. “ताई, जशी आहे तशी द्या. त्यांना काही कमी वाटणार नाही.”

रविवारी मंडळात हा विषय निघाला. प्रत्येकाने देऊन टाकावी असेच सांगितले. मीही सांगितले. कोणी तरी म्हणाले की दुसरा जोड लावू, पुढे चांगले झाले की बदलू.

ताई म्हणाल्या, “अर्धवट वस्तू मी माणसाच्या हातात देत नाही. टायर होत नाहीत तोवर ती गाडी नाही, डबा आहे.”

“ताई, पण त्यांना दिसतंय तोवर…”

“दिसतंय म्हणूनच. शेवटचं जे बघायचं, ते चुकीचं बघायचं का?”

या वाक्याला उत्तर देता येणार नाही असे तेव्हा आम्हाला वाटले. ते देता आले असते. पण ताईंचा अधिकार मोठा होता आणि आम्हाला त्यांच्याशी वाद घालायची सवय नव्हती.

तिसऱ्या साच्यात ओतलेले रबर बिघडले. अवकाळी पावसाने हवा दमट झाली होती, प्रत्येक ओतणीत बुडबुडे धरत होते. ताई पुन्हा ओतत, पुन्हा कापून टाकत. हवा कोरडी व्हायची वाट पाहण्यात आणखी आठवडे गेले. अखेर टायर झाले. त्यांना हवे होते अगदी तसे झाले. ते चाकांवर चढवून आम्ही गाडी फळीवर ठेवली, आणि खरोखर, कुणी तरी आत्ताच तिच्यातून उतरून गेले असावे अशी ती दिसत होती. ताईंनी मला नसरीनताईंना फोन लावायला सांगितला आणि रिसीव्हर स्वतः घेतला.

पलीकडून काय बोलणे झाले ते मला शेजारी उभे राहूनही ऐकू आले, इतक्या स्पष्टपणे नसरीनताई बोलल्या. “ताई, आता घाई नाही. परवापासून त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.”

ताईंनी फोन खाली ठेवला. किसनराव चहा घेऊन आले होते, तो तसाच राहिला. ताई म्हणाल्या, “उद्या त्यांच्याकडे जायचं. गाडी न्यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही भवानी पेठेत गेलो. नसरीनताईंनी दार उघडले आणि आम्हाला बाहेरच्या खोलीतच थांबवले.

“अब्बांना ती बघायची होती,” त्या म्हणाल्या. “हात लावायला नव्हती मागितली.”

ताई म्हणाल्या, “चूक माझी आहे.”

“दुसरे टायर त्यांना आवडले होते.”

“हो.”

“मग थांबलात कशासाठी? आणि कुणासाठी?”

ताईंनी हवेचे, साच्याचे, कशाचेच कारण सांगितले नाही. “माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मला पटत नव्हते म्हणून.”

आतून अन्वरभाईंचा आवाज आला, “कोण, ताई आल्यात का? गाडी आणली?”

ताई आत गेल्या. “नाही आणली.”

“का? डोळे गेले म्हणून? अहो, गाडी चालवायला नाही मागत मी.”

ताई त्यांच्या समोर बसल्या आणि त्यांनी विचारले, “अन्वरभाई, टायर कसे झिजायचे ते मला हाताने दाखवाल?”

ताईंनी पाण्याच्या बाटलीचे गोल झाकण अन्वरभाईंच्या हातात दिले आणि ते बोटाने दाखवू लागले. धावपट्टीवर वळणे बहुतेक उजवीकडची. गाडी उजवीकडे वळली की भार डावीकडे जातो. म्हणून डावे टायर आधी जातात, त्यातही मागचा, आणि त्याचीही बाहेरची कड. ताई ऐकत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, “किती? नखाएवढी? त्याहून कमी?” हे बोलणे तासभर तरी चालले असेल. नसरीनताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

ताईंनी घरी येऊन तो सुंदर तिसरा जोड काढून ठेवला. डोळ्यांसाठी केलेले काम बोटांना लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. खरखरीतपणाची जी छटा त्यांनी रंगाच्या भुकटीने आणली होती, ती बोटाला शून्य होती. मापात अचूक केलेली झीज अंगठ्याला जाणवत नव्हती. त्या डोळे मिटून बसत आणि बोटांनी तपासत. मलाही तसेच बसवत. कुठे झीज थोडी वाढवली, कुठे पृष्ठभाग जास्त खरबरीत केला. बाजूच्या भिंतीवरची अक्षरे, जी आधी रंगवलेली होती, ती उठावाची केली. मापाच्या हिशेबात हे सगळे चुकीचे होते, आणि मापाबद्दल कधीही तडजोड न केलेल्या बाईंनी ते मुद्दाम केले. या वेळी मात्र त्यांनी वेळ लावला नाही. आठवडा संपायच्या आत गाडी घेऊन आम्ही पुन्हा गेलो.

सकाळची वेळ होती. ताईंनी गाडी अन्वरभाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी प्रथम गाडीच्या नाकाडावरून हात फिरवला, मग बसायच्या जागेत बोट घातले. मग पुढचे उजवे चाक, पुढचे डावे. मागच्या डाव्या चाकावर अंगठा आला आणि थांबला. तो कडेवरून आत, आतून कडेकडे असा फिरला.

“नसरीन, इकडे ये,” ते म्हणाले. “हात दे. इथं बघ. इथं झिजलाय. माझ्या पुढे एक मद्रासी होता, त्याला गाठायचं म्हणून मी प्रत्येक वळणाला याच टायरवर भार टाकत होतो. मिस्त्री ओरडत होता कडेला उभा राहून, टायर जाईल म्हणून.”

“गाठलं का?” नसरीनताईंनी विचारले.

“कुठचं! शेवटून दुसरा आलो.” आणि ते मोठ्याने हसले. “पण टायर गेला नाही.”

त्यांनी त्या शर्यतीची सगळी हकिकत सांगितली. नसरीनताईंनी ती कधी ऐकली नव्हती. त्यांच्या जन्माआधीची होती ती, आणि गाडी भंगारात गेल्यापासून घरात तिचा विषय निघत नसे. वडिलांचा अंगठा आणि त्यांचे बोट एकाच टायरवर होते. हकिकत संपल्यावर त्या चहा करायला म्हणून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

त्या दिवशी सगळे मिटले असे मी लिहिणार नाही. निघताना नसरीनताईंनी माझे आभार मानले, ताईंना फक्त “येत जा” असे म्हणाल्या. ताई मात्र खरोखरच जात राहिल्या. अन्वरभाई दिवसभर गाडी हातात घेऊन बसत, त्यामुळे टायर पुन्हा गुळगुळीत होत. ताई अधूनमधून नवे ओतून नेत. पुढे काही वर्षांनी अन्वरभाई गेले. ताई मयतीला गेल्या होत्या. गाडी आज नसरीनताईंकडे आहे.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मी नसरीनताईंकडे चार ओळी मागितल्या. त्यांनी नकार दिला. “लिहायला बसले तर मी सगळंच लिहीन, पाटणकर. गौरवाच्या पुस्तकात ते बरं दिसणार नाही.” हे मी ताईंच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, “बरं दिसत नसेल तर तुम्ही लिहा. पुस्तकात एक तरी लेख वाचण्यासारखा होईल.” नसरीनताईंनीही परवानगी दिली, आणि फोन ठेवण्यापूर्वी त्या एवढे मात्र बोलल्या, “अब्बांची शर्यत मला त्यांच्यामुळे कळली, हेही लिहा. दोन्ही लिहा.” म्हणून दोन्ही लिहिले आहे.

त्या प्रसंगानंतर ताईंच्या कामात एक बदल झाला, तो मंडळात सगळ्यांनी पाहिला. कोणी वाट पाहत असेल तर वस्तू आधी देतात, सुधारणा नंतर. मागच्या वर्षी सोसायटीतल्या एका आजारी गृहस्थांसाठी केलेली गाडी त्यांनी एका बाजूचे आरसे नसतानाच पोचवली आणि सांगितले, “आरसे मागाहून आणते. तोवर मागे वळून बघू नका.” पूर्वीच्या ताईंनी हे कधीही केले नसते. उतारवयात माणूस बदलत नाही असे आपण सहज म्हणून जातो. ताई बदलल्या, आणि त्याचा कुठे उल्लेखही केला नाही.

बाकी काळ पुष्कळ बदलला आहे. हवा तो संच आता घरबसल्या मिळतो. मंडळात आलेली नवी मंडळी संगणकावर आकार काढून यंत्रातून टायर छापून घेतात. ताईंनीही ते शिकून घेतले, आणि शिकवायला आलेल्याला पहिल्याच दिवशी त्याच्या आकृतीत खांद्याची गोलाई चुकल्याचे दाखवून दिले. ताईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे आम्ही बैठक तळमजल्यावर आणली. किसनराव अजून चहा करतात. रविवारी दहाच्या ठोक्याला ताई आलेल्या असतात, आणि उशिरा येणाऱ्याला काय ऐकावे लागते ते त्याने अनुभवूनच पाहावे.

वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचा गौरव करताना मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ द्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी शालीऐवजी चांगल्या पॉलिश पेपरचा गठ्ठा मागितला. तो आम्ही आणला आहे. शालही आणली आहे, कारण हे एक तरी आम्ही त्यांचे न ऐकता करणार आहोत. त्यांची नजर शाबूत राहो, हात स्थिर राहो, दोघांची प्रकृती ठणठणीत राहो. आम्ही रविवारी काही ना काही बिघडवून आणत राहू. ते कुठे बिघडले आहे हे सांगायला त्या अशाच वर्षानुवर्षे समोर बसलेल्या असाव्यात. या मागण्यात आमचा स्वार्थ आहे, आणि तो लपवावा असे कुणालाच वाटत नाही.